यखन्या : तीन महिन्यांचा राजा, सदतीस वर्षांचा कैदी



आपल्या कोल्हापूर भागातल्या जुन्या माणसांना हेळवी कोण हे सांगायला नको. बैल घेऊन हेळवी दारात येतो, आपली वही उघडतो आणि त्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, तो कुठल्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, त्यांचे वंश कुठे कुठे पांगले हे सांगत जातो. वडीलधारी माणसे हातातले काम टाकून ऐकत बसतात. लहान मुलांना मात्र त्यात काही गोडी वाटत नाही. त्यांच्या लेखी ती नुसती नावामागून नावे!

संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय ऐकताना आपलीही गत त्या मुलांसारखीच होते. १७ डिसेंबरच्या मिस्सेत प्रभू येशूची वंशावळ वाचली जाते. वाचणाऱ्याची जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्याचे लक्ष उडते. अब्राहाम, इसहाक, याकोब, दावीद, शलमोन इथपर्यंत आपण सोबत असतो. पुढे अनोळखी राजांची रांग लागते आणि आपण ती संपण्याची वाट पाहतो. या रांगेच्या मध्यावर यखन्या नावाचा एक राजा उभा आहे. त्याच्यावर प्रवचन क्वचितच होते. आज आम्ही त्याचेच चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत, कारण त्याच्या आयुष्यात एक प्रश्न आहे आणि तो आपल्या घराघरांतला आहे.

बायबलमध्ये त्याची तीन नावे येतात. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात तो यहोयाखीन आहे, मत्तयच्या यादीत यखन्या आहे आणि संदेष्टा यिर्मया त्याला कोन्या म्हणतो. यहोयाखीन या नावाचा अर्थ परमेश्वर स्थिर करील असा आहे. ज्याचे नाव स्थिर, त्याला अठराव्या वर्षी मुळासकट उपटून परदेशी नेले गेले.

आजोबा आणि वडील

यखन्याचा जन्म इ.स.पूर्व ६१६ च्या सुमारास यरुशलेमच्या राजवाड्यात झाला. त्याचे आजोबा योशीया हे यहूदाच्या भल्या राजांपैकी एक. त्यांच्या काळात मंदिराची दुरुस्ती करताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तो त्यांनी सगळ्या प्रजेला वाचून दाखवला आणि देशातली मूर्तिपूजा बंद केली. इ.स.पूर्व ६०९ मध्ये मगिद्दो येथे मिसरचा राजा फारो नखो याच्याशी गाठ पडली आणि योशीया मारले गेले. तेव्हा नातू सहा-सात वर्षांचा असेल.

योशीयांच्या एका मुलाला लोकांनी गादीवर बसवले, पण तीनच महिन्यांत फारोने त्याला कैद करून मिसरला नेले आणि दुसऱ्या मुलाला राजा केले. तो यहोयाकीम, म्हणजे यखन्याचा बाप. फारोने मागितलेली खंडणी भरण्यासाठी त्याने प्रजेवर कर बसवला. त्याच काळात त्याने स्वतःसाठी देवदाराची तक्तपोशी आणि हिंगुळाचा रंग असलेला प्रशस्त वाडा बांधायला काढला आणि राबणाऱ्यांना मजुरी दिली नाही. यिर्मयाने त्याला त्याबद्दल उघड दोष दिला. यिर्मयाच्या संदेशांची गुंडाळी त्याच्यापुढे वाचली गेली, तेव्हा हिवाळ्याचे दिवस होते आणि समोर शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापी आणि शेगडीत टाकी. असे करत सगळी गुंडाळी जळाली. काही सरदारांनी विनवण्या केल्या, त्याने ऐकले नाही.

पुढे मिसरचा जोर ओसरला आणि बाबेलचा नबुखद्नेस्सर बलाढ्य झाला. यहोयाकीम तीन वर्षे त्याचा मांडलिक राहिला, मग त्याने बंड केले. बाबेलचे सैन्य यरुशलेमकडे निघाले आणि त्याच सुमारास, इ.स.पूर्व ५९८ च्या अखेरीस, यहोयाकीम मेला. बंड बापाने केले आणि सैन्य दारात आले तेव्हा गादीवर मुलगा होता.

तीन महिन्यांचे राज्य

यखन्या अठरा वर्षांचा होता. त्याने राज्य केले ते जेमतेम तीन महिने. इतिहासाचा दुसरा ग्रंथ तीन महिने दहा दिवस असा नेमका आकडा देतो. राजांचा ग्रंथ त्याला चांगला राजा म्हणत नाही. बापाप्रमाणे त्यानेही परमेश्वराच्या दृष्टीने वाईट तेच केले असा शेरा त्याच्या नावापुढे आहे. तेव्हा त्याला बिचारा ठरवून मोकळे होता येणार नाही. शास्त्राने त्याला निर्दोष सोडलेले नाही, आम्हीही सोडत नाही.

पण त्याच तीन महिन्यांत त्याच्या हातून एक गोष्ट घडली. वेढा पडला होता. शहर लढवायचे की स्वाधीन व्हायचे, एवढाच निर्णय उरला होता. यखन्या आपली आई नहुष्टा, सेवक आणि सरदार यांना घेऊन वेशीबाहेर गेला आणि बाबेलच्या राजाच्या स्वाधीन झाला. बाबेलच्या राजांची बखर कोरलेल्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांतली एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असून डोनाल्ड वाइजमन या अभ्यासकाने ती १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. तीवर नबुखद्नेस्सरच्या सातव्या वर्षी अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी यहूदाचे नगर घेतल्याची आणि तिथल्या राजाला पकडल्याची नोंद आहे. आपल्या पंचांगाने तो दिवस १६ मार्च इ.स.पूर्व ५९७ येतो. बायबलमधल्या फार थोड्या घटनांची तारीख आपल्याला इतकी नेमकी सांगता येते.

मंदिराचा आणि राजवाड्याचा खजिना लुटला गेला. शलमोनाने केलेली सोन्याची पात्रे तोडून नेण्यात आली. सरदार, लढवय्ये, सुतार, लोहार असे हजारो लोक कैद करून नेले, मागे राहिली ती देशातली गरीब माणसे. तरी शहर उभे राहिले, मंदिर उभे राहिले. नबुखद्नेस्सरने यखन्याच्या चुलत्याला सिद्कीया असे नाव देऊन गादीवर बसवले. पुढे सिद्कीयानेही बंड केले आणि तो शरण गेला नाही. त्या वेळी शहर उपाशी मेले, मंदिर जळाले, सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुले मारली गेली आणि मग त्याचे डोळे काढले गेले.

दोन्ही राजे कैदेतच गेले. पण एकाने शहर वाचवून कैद पत्करली आणि दुसऱ्याच्या वेळी शहर गेले. पुढे इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमला वेढा घातला, तेव्हा योसेफस या ज्यू इतिहासकाराने तटावरच्या बंडखोरांना याच यखन्याची आठवण करून दिली. मंदिर शत्रूच्या हाती जाऊन जळू नये म्हणून जो आपण होऊन घरच्यांसह कैदेत गेला, त्या राजाला लोक अजून विसरलेले नाहीत, असे त्याचे सांगणे होते. म्हणजे साडेसहाशे वर्षांनंतरही लोकांनी ती गोष्ट जपली होती.

निपुत्रिक म्हणून नोंद

यिर्मयाने यखन्याविषयी उच्चारलेला संदेश बायबलमधल्या कठोर संदेशांपैकी एक आहे. राजाच्या बोटातली मुद्रा म्हणजे त्याची सही. ती मुद्रा परमेश्वराच्या उजव्या हातात असती तरी परमेश्वराने ती उपसून फेकली असती, असा तो दाखला आहे. नको असलेल्या फुटक्या मडक्यासारखा हा माणूस आईसह परक्या देशात भिरकावला जाईल आणि तिथेच मरेल. शेवटी हुकूम असा की या माणसाची नोंद निपुत्रिक म्हणून करावी, कारण त्याच्या वंशातला कोणी दावीदच्या गादीवर बसणार नाही.

नोंद म्हणजे काय हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. सातबाऱ्यावर नाव असणे आणि नाव कमी होणे यांत किती अंतर असते, वारस नोंदीच्या एका ओळीसाठी माणसे तलाठ्याकडे किती खेपा घालतात, हे आपण रोज पाहतो. यखन्याचे नाव वारसांच्या रकान्यात रेघ मारून बंद झाले होते. तेव्हा त्याचे वय अठरा होते.

यिर्मया मनाने मात्र पाषाण नव्हता. यखन्याला नेल्यानंतर त्याला मंदिरापुढे अंजिरांच्या दोन टोपल्यांचा दृष्टान्त झाला. चांगली अंजिरे म्हणजे यखन्याबरोबर कैदेत गेलेली माणसे, असा त्याचा अर्थ परमेश्वराने त्याला सांगितला. हनन्या नावाचा एक संदेष्टा लोकांना गोड वाटेल असे बोलत होता. यखन्या आणि मंदिराची पात्रे दोन वर्षांत परत येतील असे तो सांगे. यिर्मयाने ते खोटे ठरवले आणि बाबेलमधल्या कैद्यांना पत्र पाठवून कळवले की घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहरात नेले गेलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण मुक्काम सत्तर वर्षांचा आहे.

परमुलखात कैदी झालेला राजा म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना परक्याने सांगायला नको. आपले छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी वारले. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. आर्नो नदीच्या काठी त्यांची छत्री आजही आहे. त्यांच्यामागून दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज हेही विसाव्या वर्षीच, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ब्रिटिशांच्या पहाऱ्यात गेले. एका तरुण राजाला आपल्या माणसांपासून दूर ठेवले की त्याच्या गावाला काय वाटते, याची जखम या मातीला आहे.

बापाचे देणे मुलाने का भरावे?

यखन्याबरोबर गेलेल्या कैद्यांत यहेज्केल नावाचा एक याजक होता. कबार कालव्याकाठी तो संदेष्टा झाला. आपल्या पहिल्या दर्शनाची तारीख तो यखन्या राजाच्या बंदिवासाचे पाचवे वर्ष अशी देतो. यरुशलेमच्या गादीवर दुसरा राजा होता, पण यहेज्केल वर्षे मोजतो ती कैदेतल्या राजाची.

या कैद्यांत एक म्हण फिरत होती. बापांनी आंबट द्राक्षे खावीत आणि दात आंबावेत ते मुलांचे, अशा आशयाची. म्हणीतला कडवटपणा खरा होता. बंड यहोयाकीमने केले, मजुरांची मजुरी त्याने बुडवली, संदेष्ट्याची गुंडाळी त्याने जाळली आणि शिक्षा भोगत होती पुढची पिढी. यखन्याहून या म्हणीला चांगले उदाहरण सापडणार नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अपराध वारशाने येतो का यावर तासन्‌तास वाद घातले. धर्मग्रामात आल्यावर कळले की हा वाद पुस्तकातला नाही. बाप दारू पिऊन कर्ज करून जातो आणि मुलगा शिरोलीच्या कारखान्यात ओव्हरटाइम करून ते फेडतो. बाप तुरुंगात जातो आणि मुलीच्या स्थळांना नकार येतात. परिणाम मुलांवर येतात, हे कोणी नाकारू शकत नाही.

यहेज्केलने त्या म्हणीला ठाम विरोध केला. बापाच्या पापासाठी मुलगा दोषी नाही आणि मुलाच्या पापासाठी बाप दोषी नाही, प्रत्येक जण स्वतःचा जाब देईल, आणि जो मागे फिरेल तो जगेल. परिणाम आणि अपराध या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बापाच्या कर्माचे परिणाम मुलाला भोगावे लागतात, पण म्हणून बापाचा अपराध मुलाचा होत नाही. समाज या दोहोंची गल्लत करतो. देव करत नाही.

तेलाचा हिशेब

यखन्या बाबेलला पोहोचला आणि बायबलच्या पानांतून तो जवळजवळ सदतीस वर्षे नाहीसा झाला. त्याचे तिथे काय चालले होते हे अडीच हजार वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते.

१८९९ ते १९१७ या काळात रॉबर्ट कोल्डवे या जर्मन संशोधकाने आजच्या इराकमध्ये बाबेलचे उत्खनन केले. राजवाड्याच्या आवारातल्या एका कमानीच्या इमारतीत मातीच्या पाट्यांचा साठा मिळाला. त्या बर्लिनला गेल्या आणि १९३९ मध्ये अर्न्स्ट वाइडनर यांनी त्यांतल्या काही वाचून प्रसिद्ध केल्या. त्यांत ना कुठला विजय होता, ना कुठली प्रार्थना. तो शिध्याचा हिशेब निघाला. राजवाड्यातून कोणाला किती तेल दिले, याची यादी. आपल्या रेशन दुकानातल्या रजिस्टरासारखीच म्हणा ना.

या याद्यांत अश्कलोनचे राजपुत्र आहेत, मिसरी लोक आहेत, ग्रीक सुतार आहेत. त्यांच्यामध्येच यहूदाचा राजा यखन्या आहे. एका पाटीवर त्याच्या नावे दहा सिला तेल लिहिले आहे आणि त्याच्या खाली यहूदाच्या राजाच्या पाच मुलांसाठी अडीच सिला. सिला हे माप साधारण लिटरच्या आसपासचे. या पाट्यांपैकी एकीवर नबुखद्नेस्सरचे तेरावे वर्ष आहे, म्हणजे इ.स.पूर्व ५९२. यखन्या तेव्हा चोवीस वर्षांच्या आसपास होता.

इथे क्षणभर थांबू या. ज्याची नोंद निपुत्रिक म्हणून करायची होती, त्याच्या पाच मुलांना तेल मिळाल्याची नोंद शत्रूच्या कोठारातल्या कारकुनाने करून ठेवली आहे. त्या कारकुनाला यिर्मया ठाऊक नव्हता. त्याला फक्त आपला हिशेब जुळवायचा होता. पण त्याच्या हिशेबामुळे आपल्याला कळते की फेकलेल्या मडक्याच्या घरी दिवा लागत होता, स्वयंपाक होत होता, मुले वाढत होती.

इतिहासाचा पहिला ग्रंथ त्या मुलांची नावे देतो आणि ती पाच नव्हे, सात आहेत. शल्तीएल, मल्कीराम, पदाया, शेनस्सर, यकम्या, होशामा आणि नदब्या. यिर्मयाचे पत्र ज्यांना आले होते, त्यांतले हे एक घर. घर करा, मुले वाढवा, हा निरोप निदान या घरात पाळला गेला.

सदतिसावे वर्ष

पाट्यांवरून दिसते की आरंभीच्या वर्षांत यखन्याला राजाचा मान होता. पुढे कधीतरी त्याला बंदिशाळेत टाकले गेले असावे, कारण बायबलमध्ये तो पुन्हा भेटतो तो कैद्याच्या कपड्यांत.

इ.स.पूर्व ५६२ मध्ये नबुखद्नेस्सर मेला आणि त्याचा मुलगा अवील मरोदख गादीवर आला. यखन्याच्या बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी, बाराव्या महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशी, नव्या राजाने त्याला बंदिशाळेतून बाहेर काढले. त्याच्याशी तो मायेने बोलला. बाबेलमध्ये जे इतर राजे होते त्यांच्याहून वरचे आसन त्याला दिले. यखन्याने कैद्याचे कपडे उतरवले आणि त्यानंतर तो उरलेले आयुष्य राजाच्या पंक्तीला जेवला. रोजचा शिधा त्याला मरेपर्यंत मिळत राहिला.

अठराव्या वर्षी गेलेला मुलगा आता पंचावन्नाच्या घरात होता. यरुशलेमची राखरांगोळी होऊन पंचवीस वर्षे झाली होती. त्याला परत जाता आले नाही, मुकुट परत मिळाला नाही. अवील मरोदख स्वतःही दोन वर्षांत मारला गेला. यखन्याला मिळाले ते एवढेच: कपडे, आसन, जेवण आणि मायेचा शब्द.

राजांच्या ग्रंथाचा शेवट इथे होतो. दावीदच्या घराण्याची एवढी मोठी कथा, युद्धे, मंदिर, संदेष्टे, आणि शेवटचे चित्र काय, तर एक सुटलेला कैदी परक्याच्या पानावर जेवतो आहे. आम्हाला हा शेवट फार मोलाचा वाटतो. कळंब्याच्या तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला पहिली गरज कशाची असते? अंगावर साधे कपडे, कोणाच्या तरी शेजारी बसायला जागा, वाढलेले ताट आणि टोमणा नसलेला एक शब्द. शास्त्राने नेमक्या याच चार गोष्टी मोजून लिहिल्या आहेत, आणि त्या देणारा राजा परधर्मी होता.

मुद्रा पुन्हा हातात

इ.स.पूर्व ५३९ मध्ये पारसचा राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि यहूदी लोकांना परत जाण्याची मुभा दिली. परतलेल्यांच्या पुढाऱ्यांत यखन्याचा नातू होता. त्याचे नाव जरुब्बाबेल, म्हणजे बाबेलचे बीज. मत्तय त्याला शल्तीएलचा मुलगा म्हणतो, इतिहासाचा ग्रंथ पदायाचा. दोन्ही यखन्याचेच मुलगे. यरुशलेमचे दुसरे मंदिर उभारायला याच जरुब्बाबेलने हात घातला आणि ते इ.स.पूर्व ५१५ मध्ये पुरे झाले.

इ.स.पूर्व ५२० मध्ये काम रेंगाळले असताना हाग्गय संदेष्ट्याने जरुब्बाबेलला देवाचा निरोप दिला. देव त्याला आपल्या मुद्रेसारखा करील, कारण देवाने त्याला निवडले आहे. मुद्रा हा शब्द योगायोगाने आलेला नाही. आजोबाविषयी जी मुद्रा बोटातून उपसून फेकली गेली होती, तीच नातवाच्या बाबतीत पुन्हा हातात येते.

मग यिर्मयाचा शब्द खोटा ठरला का? नाही. जरुब्बाबेल पारसच्या सम्राटाचा सुभेदार होता, राजा नव्हता. यखन्याच्या वंशातला कोणीही पुन्हा यरुशलेमच्या त्या गादीवर बसला नाही. शिक्षा झाली आणि ती पुरी भोगावी लागली. पण शिक्षा म्हणजे पुसून टाकणे नव्हे. गादी गेली, वंश राहिला. पुढच्या काळातल्या ज्यू धर्मगुरूंनी तर यखन्याचेच उदाहरण देऊन शिकवले की परदेशवास माणसाच्या पापांचे प्रायश्चित्त करतो.

बोटांवर मोजून पाहा

आता मत्तयच्या यादीकडे परत येऊ. तो म्हणतो की अब्राहामपासून दावीदपर्यंत चौदा पिढ्या, दावीदपासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा आणि तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. घरी बायबल उघडून बोटांवर मोजा. शलमोनापासून मोजायला लागलात की यखन्या चौदावा येतो. पण पुढे शल्तीएलपासून प्रभू येशूपर्यंत मोजले तर नावे तेराच भरतात. चौदा हवी असतील तर यखन्याला पुन्हा एकदा मोजावे लागते.

मत्तयने मधले काही राजे यादीतून गाळले आहेत. खुद्द यखन्याचा बाप यहोयाकीम त्याच्या यादीत नाही, तो योशीयावरून थेट यखन्यावर येतो. म्हणजे नाव गाळणे त्याला जमत होते. तरी यखन्याला त्याने गाळले नाही. उलट ज्याचे नाव वारसांतून कमी झाले होते, त्याच्यावाचून हिशेबच जुळत नाही अशी यादी त्याने मांडली.

यादीच्या शेवटी योसेफ येतो. येशू हा योसेफचा रक्ताचा मुलगा नव्हे, हे मत्तय लगेच स्पष्ट करतो. पण दूताच्या सांगण्यावरून योसेफने मुलाचे नाव ठेवले आणि त्याला आपला म्हटले. त्यामुळे तो दावीदच्या घराण्याचा झाला. कोल्हापुरात हे समजायला अवघड नाही. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा करवीरच्या गादीला दत्तक आला आणि आपले राजर्षी शाहू महाराज झाला. ते छत्रपतींच्या घराण्याचे नव्हते, असे इथे कोणी म्हणेल का? यखन्याची बंद झालेली गादी रक्ताच्या वाटेने उघडली नाही. ती कृपेच्या वाटेने उघडली, आणि तिच्यावर बसलेल्या राजाच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट होता.

आपल्या याद्या

येत्या २ नोव्हेंबरला आपण सर्व मृत भाविकांचे स्मरण करणार आहोत. नेहमीप्रमाणे आपण आपल्या घरातल्या मृत व्यक्तींच्या नावांच्या याद्या चर्चमध्ये आणून द्याल आणि त्या महिनाभर वेदीजवळ राहतील. या याद्या वाचताना आम्हाला जाणवते की काही घरांच्या याद्यांत एखादी जागा मोकळी असते. ज्याने घराण्याची जमीन विकून खाल्ली तो चुलता, जो दारूत गेला तो भाऊ, जिने घरच्यांचे न ऐकता लग्न केले ती आत्या, ज्याने स्वतःचा जीव घेतला तो मुलगा. त्यांचे नाव घरात कोणी काढत नाही, म्हणून ते यादीतही येत नाही.

त्यांनी केले ते चांगले होते, असे म्हणा असे आम्ही सांगत नाही. यखन्याचा शेरा बायबलने खोडला नाही आणि त्याचे नावही खोडले नाही. दोन्ही एकाच ग्रंथात आहेत. आपल्यालाही तेवढेच करायचे आहे. झालेले झाले म्हणून मान्य करायचे आणि नाव लिहायचे.

आणि ज्यांचे नाव आपण जिवंतपणीच कमी केले आहे, त्यांच्यासाठी नोव्हेंबरची वाट पाहायला नको. उचगावात असोत, गांधीनगरात असोत की मुंबईला निघून गेलेले असोत, या आठवड्यात त्यांना एक फोन करा. जमले तर नाताळच्या जेवणाला बोलवा. यादीत ज्याच्या नावावाचून देवाला चौदा भरता आले नाहीत, त्या राजाचा वंशज त्याच दिवशी आपल्या घरी येणार आहे.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू